दर्या आणि दऱ्या

मिठबावास गजबादेवीच्या देवळापाशी उभे राहिले म्हणजे समोर दर्या पसरलेला दिसतो. दऱ्या पाहावयाच्या तर पाठ फिरवून घाटाकडे बरीच मजल मारावी लागते. या दोन शब्दांतील एवढे मोठे अंतर मराठी लेखनाने एका चिमुकल्या वळणावर तोलून धरले आहे. एकात रफार, दुसऱ्यात पापणीसारखा अर्धा र. आचार्यांना द्यावयाची दक्षिणा आचाऱ्यांना पोचली तर दोष कोणास द्यावा? छापखान्यात या दोन चिन्हांचे खिळे निराळे असत. जुळाऱ्याचा हात चुकलाच, तर मुद्रिते तपासणाराची नजर ते टिपत असे.

संगणकात खिळा नाही, अक्षरागणिक अंक आहे. आणि अंक ठरविणारांपुढे एक जुना वाद उभा राहतो. वस्तूचा प्रकार आधी नक्की करावा व भलत्या प्रकाराची वस्तू आली तर यंत्राने तिला दारातच अडवावे, असे एक पक्ष म्हणतो. पूर्वी लिहिलेले सारे पूर्ववत चाललेच पाहिजे, असा दुसऱ्याचा आग्रह. जावा भाषेत 2004 साली याद्यांना प्रकार लावण्याची सोय झाली. परंतु जुन्या, प्रकार न सांगितलेल्या याद्यांशी व्यवहार तुटू नये म्हणून आज्ञावलीची छाननी झाली की तो प्रकार पुसून टाकण्यात येतो. पहारा दारावर आहे, आत नाही.

आमच्या अर्ध्या र-कारावर हाच प्रसंग गुदरला. भारतीय लिप्यांची इस्की ही सांकेतिक योजना 1988 साली ठरली व 1991 साली भारतीय मानक झाली. साऱ्या लिप्यांना एकच आराखडा असल्यामुळे द्राविडी भाषांतील ऱ यालाही देवनागरीत घर मिळाले, आणि मराठीच्या पापणीने त्याच घरात बिऱ्हाड केले : ऱ चे अर्धे रूप ते हेच. युनिकोडने देवनागरी इस्कीवरून घेतली. मात्र 1996 च्या दुसऱ्या आवृत्तीत हे वळण साधा र, हलन्त व 'झीरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य चिन्ह यांनी काढावयाचे होते. पुढे इस्कीची रीत मुख्य झाली, तथापि दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे लिहिलेला मजकूर बिघडू नये म्हणून जुनी रीतही नियमांत राहू दिली.

परिणामी 'दऱ्या' हा शब्द दोन परींनी लिहिता येतो. डोळ्यांस दोन्ही एक; यंत्रास मात्र अंक भिन्न, म्हणून शब्द भिन्न. समतुल्य लेखने एकरूप करण्याचे जे नियम आहेत तेही या दोहोंना जुळवीत नाहीत. अकारविल्हे लावताना तर याहून विपरीत घडते. अदृश्य चिन्ह तेथे सामान्यतः जमेस धरीत नाहीत. ते वगळले की जुन्या रीतीची दरी सरळ दर्यात बुडते! भेद अक्षरात न ठेवता अक्षराच्या सावलीत ठेवला, त्याचे हे फळ होय.

मग जुनी रीत मोडूनच का टाकली नाही? कोरियन लिपीचा अनुभव ताजा होता. त्याच दुसऱ्या आवृत्तीत कोरियन अक्षरांच्या जागा बदलल्या, आणि आधीच्या जागांवर लिहिलेला मजकूर निरर्थक झाला. तेव्हापासून एकदा दिलेले अक्षर हलवावयाचे नाही, काढावयाचे नाही, असा दंडक झाला. आम्हांस हा दंडक मान्य आहे. जुने वाचता आलेच पाहिजे. पण नवे लिहिताना कळफलकांनी ऱ चीच वाट धरावी, आणि तयार आज्ञांचे संग्रह रचणारांनी शोधापुरती तरी दोन्ही रूपे एक मानावी. हे न करण्यास जुन्या मजकुराची ढाल पुरत नाही, कारण यात जुन्याचे एक अक्षरही बदलत नाही.

मध्यंतरी आम्ही आमच्याच जुन्या टिपणांत 'किनाऱ्यावर' हा शब्द शोधीत होतो. यंत्राने नाही म्हणून सांगितले. टिपण उघडून पाहतो तो पहिल्याच ओळीत तो शब्द स्वच्छ उमटलेला. तेव्हापासून किनारा आम्ही दोनदा शोधतो.