अजाइल प्रकल्प-मागोवा प्रणाली

सॉफ्टवेअर चमूची कामे नोंदवून त्यांचा माग ठेवणारे सॉफ्टवेअर. २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात १७ जणांनी अजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांत बदल स्वीकारत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचा जाहीरनामा मांडला. पुढच्याच वर्षी सिडनीच्या अ‍ॅटलासियनने ‘जिरा’ हे असे सॉफ्टवेअर आणले. रेडमाइन (२००६) ही अशीच, पण मुक्तस्रोत प्रणाली आहे. प्रत्येक कामाचे एक तिकीट असते. ‘लॉगिनचा ओटीपी येत नाही’ अशी नोंद टेस्टरने केली, की ते तिकीट ‘करायचे’, ‘चालू’, ‘तपासणी’, ‘पूर्ण’ अशा फलकावरच्या रकान्यांतून पुढे सरकते. स्प्रिंटमधले, म्हणजे बहुधा दोन आठवड्यांच्या कामाच्या टप्प्यातले, उरलेले काम बर्नडाउन आलेखात दिसते. हिंजवडीत नोकरीला असलेला वऱ्हाडी अभियंता, नेटवर्क मिळाले तर, कौंडण्यपूरच्या घरूनही हाच फलक हाताळू शकतो. मूळ जाहीरनाम्याने मात्र साधनांपेक्षा माणसे आणि त्यांचा संवाद मोलाचा मानला आहे. तिकिटे मोजून माणूस जोखणारे व्यवस्थापक नेमके तेच विसरतात.