‘सिंग’चे ‘सिंगा’ झाले तेव्हा

आमच्या लहानपणी सीमाभागात वेताळ दोन होते. एक गावकुसाबाहेरचा, शेंदूर फासलेला. दुसरा कवटीची अंगठी मिरवणारा, ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला. या दुसऱ्याविषयी थोडे.

ली फॉक यांची ‘फँटम’ ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतील वृत्तपत्रांत सुरू झाली. पहिल्याच कथेत नायकाचे हाडवैरीही अवतरले : ‘सिंग ब्रदरहुड’ ही चाच्यांची टोळी. १५३६ साली या चाच्यांनी एक जहाज लुटले. त्यातून वाचलेल्या मुलाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ वाहिली आणि ती गादी एकविसाव्या वेताळापर्यंत चालत आली. म्हणजे चाचे नसते तर वेताळही नसता!

बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल’ सुरू केले. ते १९९० पर्यंत निघत होते. आमचे आजोळ हैदराबादचे. नामपल्लीच्या १९०७ सालच्या निजामी स्टेशनात गाडीतून उतरलो की पिशवीत मराठी ‘वेताळ’ असे, आणि मामेभावंडांच्या हाती हिंदी ‘वेताल’. ळ की ल, यावर तासभर भांडण ठरलेले. पण एक गोष्ट आम्हा कोणाच्याच लक्षात आली नव्हती. भारतीय अंकांत ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले होते आणि वेताळाचा ‘बेंगाला’ देश ‘डेंकाली’! सिंग हे आपल्याकडे लक्षावधी लोकांचे नाव. त्या नावाची दरोडेखोर टोळी मुलांच्या हाती कशी द्यायची? केवळ एका कान्याने काम भागले. (शुद्धलेखनाला क्षुल्लक समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.)

मला हा काना वर्गात आठवतो. मुक्तिसंग्रामाचा धडा आला की कोणी ना कोणी ‘रझाकार’ हा शब्द शेजारच्या गल्लीसाठी वापरतो. रझाकार ही संघटना होती. तिचा पुढारी कासीम रझवी आपल्या लातूरला वकिली करीत असे. अत्याचार झाले, ते लपविण्याचे कारण नाही. पण सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेड या जिल्ह्यांत रझाकारांशी संबंध नसलेली मुसलमान माणसेही मारली गेली. नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ते नोंदविले आहे. टोळीचे नाव जमातीला चिकटले, की हिशेब कोणाकडून चुकता करायचा याचा विवेक उरत नाही. तिथे काना देणारा कोणी संपादक नव्हता.

एक संपादक मात्र होता. उर्दू ‘इमरोज’चे शोएबुल्ला खान. रझाकारांविरुद्ध लिहितात म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. फळ्यावर मी रझवीचे नाव लिहितो, त्याशेजारी यांचे. पहिले नाव मुलांना घरूनच ठाऊक असते. दुसरे बहुतेक जण तेव्हाच वहीत उतरवून घेतात.