पादप आणि कोळी : एका कल्पित वृक्षाच्या इतिहासात उपमेचे स्थान

वृक्षाच्या मुळांना पाय मानण्याची कल्पना फार जुनी आहे. ‘पायांनी पितो तो’ अशी ‘पादप’ या संस्कृत शब्दाची व्युत्पत्ती सांगितली जाते. थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाने इराणच्या दक्षिण किनाऱ्यावर भरतीच्या पाण्यात उभ्या असणाऱ्या वृक्षांचे वर्णन केले आहे. लाटांनी बुंधे झिजून केवळ मुळांवर तोललेले हे वृक्ष त्याला ‘पॉलिपूस’ या जलचरासारखे वाटतात. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘अनेक पायांचा’ असाच आहे. दोन्ही ठिकाणी पाय केवळ भाषेत आहेत. वृक्ष मात्र जागचा हललेला नाही.

विसाव्या शतकात हा वृक्ष चालू लागला. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालेतील ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ हा चित्रपट १९८० साली प्रदर्शित झाला. त्यातील डागोबा हा ग्रह दलदलीने व्यापलेला असून त्याचे दृश्य लंडननजीकच्या एल्स्ट्री येथील चित्रपटनिर्मितिगृहात उभारले होते. कमानदार मुळांवर उभे असलेले तेथील प्रचंड वृक्ष चित्रपटात केवळ पार्श्वभूमी म्हणून येतात. त्यांचे नाव कोणी उच्चारीत नाही. या वृक्षाचा प्रारंभ आकृतीत आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

नाव मागाहून आले : ‘नार्लट्री’. ‘नार्ल्ड’ म्हणजे गाठाळ. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात हे विशेषण एकदाच, ओक वृक्षासंबंधी आले आहे. ते सर्रास रूढ झाले एकोणिसाव्या शतकात. अर्थात या नावानेही वृक्षाच्या रूपापलीकडे काहीच सांगितले नाही.

वृक्षाचे जीवन सर्वांत शेवटी रचले गेले. चित्रकार राल्फ मॅकक्वारी यांची चित्रे व केव्हिन अँडरसन यांचा मजकूर असलेला या विश्वाचा सचित्र ग्रंथ १९९५ साली प्रसिद्ध झाला. डागोबावरील गाठाळ, पांढरा कोळी हा वस्तुतः प्राणी नसून या वृक्षाचेच सुटे झालेले मूळ होय, अशी ही कल्पना आहे. तो दलदलीत हिंडतो, भक्ष्य मिळवितो आणि योग्य जागी पाय रोवून स्थिर होतो. पायांची मुळे होतात व नवा वृक्ष वाढतो.

ही कल्पना निसर्गाला सर्वस्वी परकी नाही. कोकणच्या खाड्यांतील कांदळाचे बीज मातृवृक्षावर असतानाच रुजते. त्याचे लांबट रोप खाली पडून चिखलात रुतते, किंवा पाण्याबरोबर वाहत जाऊन अन्यत्र मूळ धरते. स्थलांतर येथेही आहे. परंतु ते पाणी घडविते. कल्पित वृक्षात हे काम पायांकडे आले.

भाषेच्या इतिहासात सामान्यतः रूपक झिजते. ‘पादप’ म्हणताना पायाचे स्मरण कोणास होत नाही. नार्लट्रीच्या बाबतीत क्रम उलटा झाला : मूळ पायासारखे दिसते, एवढ्या उपमेतून मूळ हाच पाय ठरला आणि त्या पायाला चालणेही प्राप्त झाले. विज्ञानकथेतील सृष्टी केवळ यंत्रांच्या कल्पनेतून निर्माण होते, हा समज म्हणूनच अपुरा ठरतो. भाषेने अलंकार म्हणून जे सांभाळले, त्याला ती शब्दशः खरे मानते. अशा सृष्टीचा अभ्यास हा शब्दार्थाच्या इतिहासाचाही अभ्यास होय.