लोणावळ्यात गर्दी आपली, पण रस्ते-पाणी-कचऱ्याचा खर्च कोणाचा?

पावसाळ्यातला रविवार. लोणावळा लोकल आकुर्डी स्टेशनवर येते तेव्हा डब्यात पाय ठेवायलाही जागा नसते. देहूरोड, तळेगाव, कामशेत, मळवली करत तासाभरात सगळे लोणावळ्यात उतरतात. भुशी डॅम, भाजलेलं कणीस, गरम भजी, येताना चिक्कीचं पाकीट. संध्याकाळी परत आकुर्डी, आणि रात्री इन्स्टावर रील.

मागे काय राहतं? कचरा, तुंबलेली गटारं, वाहनांच्या रांगा आणि ताण पडलेली पाणीपुरवठा योजना. हे सगळं सोमवारी सकाळी निस्तरायचं काम एका छोट्या नगरपरिषदेचं असतं. तिच्याकडे पैसे येतात कुठून आणि कमी का पडतात, ते सोप्या शब्दांत समजून घेऊया.

एकच लोकल, दोन वेगळ्या तिजोऱ्या

आकुर्डी पिंपरी-चिंचवड महापालिकेत येते. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या १७ लाखांहून जास्त होती. तेव्हा लोणावळ्याची होती सुमारे ५७ हजार.

फरक फक्त आकाराचा नाही. पिंपरी-चिंचवड उभं राहिलं कारखान्यांवर. कारखान्यात येणाऱ्या मालावर जकात मिळायची, त्यावर तिजोरी भरायची. पुढे जकात गेली, एलबीटी आला, तोही गेला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. तेव्हा राज्याने कायदा करून महापालिकांना भरपाई देण्याचं ठरवलं. या भरपाईत दरवर्षी ८ टक्के वाढ धरलेली आहे.

नगरपरिषदांची जकात मात्र त्याआधीच, १९९९ मध्ये बंद झाली. त्याबदल्यात राज्याकडून सहायक अनुदान मिळतं. त्याचा मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या पगारावर जातो.

शिवाय मोठ्या शहराला बाजारातून कर्ज काढता येतं. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२३ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे, म्हणजे म्युनिसिपल बाँड, विकले. छोट्या नगरपरिषदेला हा रस्ता जवळपास बंदच असतो. कर्ज फेडायला दरवर्षी खात्रीचं उत्पन्न लागतं आणि गुंतवणूकदार आधी तेच बघतात.

तुमच्या पाच हजारांच्या रूममधून गावाला किती मिळतं?

समजा, तुम्ही लोणावळ्यात एका रात्रीसाठी ५,००० रुपयांची रूम घेतली. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर ५ टक्के जीएसटी आहे. म्हणजे कर झाला २५० रुपये. त्यातले १२५ केंद्राचे, १२५ राज्याचे. नगरपरिषदेच्या खात्यात थेट काहीच जात नाही.

गाडीतल्या पेट्रोलवरचा व्हॅट राज्याचा. एक्सप्रेसवेचा टोलही गावाचा नाही.

हॉटेलकडून नगरपरिषदेला मुख्यतः मिळतो तो मालमत्ता कर आणि पाणीपट्टी. पण मालमत्ता कर इमारतीवर लागतो, पाहुण्यांच्या संख्येवर नाही. हॉटेल वर्षभर भरलेलं असो की रिकामं, कर तेवढाच. म्हणजे गर्दी दुप्पट झाली की कचरा वाढतो, पण तो उचलणाऱ्यांचं उत्पन्न त्या प्रमाणात वाढत नाही.

हे पैसे राज्य आणि केंद्राकडून अनुदान म्हणून काही प्रमाणात परत येतात, हे खरं. पण ते कशाच्या आधारावर वाटले जातात, तिथेच गोम आहे.

अनुदान मोजतं रहिवासी, पर्यटक नाही

१५व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशभरातल्या शहरी स्थानिक संस्थांना सुमारे १ लाख २१ हजार कोटी रुपयांची शिफारस केली. राज्यांमधली वाटणी लोकसंख्या आणि क्षेत्रफळ बघून झाली. लोकसंख्या धरली २०११ च्या जनगणनेची. वीकेंडला किती लोक येतात, हा निकषच त्यात नाही.

उदाहरण म्हणून बघा. ५७ हजार वस्तीच्या गावात एका रविवारी २० हजार पाहुणे आले, तर त्या दिवशी गाव ७७ हजारांचं होतं. टॉयलेट, पाणी, कचऱ्याच्या गाड्या सगळं ७७ हजारांना पुरायला हवं. हिशेब मात्र ५७ हजारांचाच राहतो.

लोणावळ्यासारख्या दहा लाखांखालच्या शहरांसाठी या अनुदानाचा ६० टक्के भाग बांधील होता: अर्धा पाण्यासाठी, अर्धा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. उरलेले ४० टक्के स्थानिक गरजेनुसार वापरता येत होते, पण पगारावर नाही.

मग मोठी कामं होतात कशी?

त्यासाठी योजना असतात. मुख्य योजना अशा:

• अमृत २.०: ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेली केंद्राची योजना, पाणी आणि सांडपाण्यासाठी. एक लाखाखालच्या शहरांत प्रकल्पाचा ५० टक्के खर्च केंद्र देतं.

• नगरोत्थान महाभियान: राज्याची योजना. रस्ते, पाणी, गटारं वगैरे कामांसाठी. गाव जितकं लहान, तितका राज्याचा वाटा मोठा. उरलेला वाटा नगरपरिषदेने घालायचा.

• प्रादेशिक पर्यटन विकास योजना आणि जिल्हा नियोजन समितीचा निधी: पालकमंत्री या समितीचे अध्यक्ष असतात. 'क' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जाही हीच समिती देते.

• केंद्राचं ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज: राज्यांना पर्यटनस्थळं विकसित करायला २०२४-२५ मध्ये देशभरात ४० प्रकल्प मंजूर झाले. महाराष्ट्रातून त्यात नाशिकचा रामकुंड परिसर आणि सिंधुदुर्गातलं 'आयएनएस गुलदार' जहाजाचं पाण्याखालचं संग्रहालय आहे.

यातला बहुतेक पैसा नवं काही बांधायला मिळतो. बांधलेलं चालवायला, म्हणजे वीजबिल, पंप, सफाई कामगार, जीवरक्षक यांच्यासाठी, गावाला मुख्यतः आपल्याच खिशात हात घालावा लागतो. म्हणून नवं टॉयलेट थाटात उघडतं आणि दोन पावसाळ्यांत त्याला कुलूप लागतं.

राज्य सरकारने २०२४ मध्ये टायगर पॉइंट-लायन्स पॉइंट इथल्या सुमारे ३३३ कोटींच्या ग्लास स्कायवॉक प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला. तो करण्याची जबाबदारी पीएमआरडीएकडे, नगरपरिषदेकडे नाही. तिथे येणारी वाढीव गर्दी मात्र लोणावळ्याच्याच रस्त्यांवरून जाणार.

जागा एकाची, गर्दी दुसऱ्याची

आणखी एक अडचण म्हणजे जागेची मालकी. भुशी डॅम रेल्वेचा. आजूबाजूचं जंगल वन विभागाचं. काही पॉइंट शेजारच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत. त्यामुळे कठडा बांधायचा, तर आधी तो कोणी बांधायचा हेच ठरत नाही.

३० जून २०२४ रोजी भुशी डॅममागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा वाहून जाऊन मृत्यू झाला. त्यानंतर प्रशासनाने संध्याकाळनंतर पर्यटनस्थळांवर बंदी घातली. बंदीचा आदेश लगेच निघाला. कायमचे कठडे, फलक आणि जीवरक्षक यांना मात्र दरवर्षी पैसा लागतो.

त्याच लोकलच्या वाटेवर, बेगडेवाडी स्टेशनजवळ कुंडमळा आहे. १५ जून २०२५ च्या रविवारी तिथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला. चार जणांचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. नव्या पुलासाठी सुमारे ८ कोटी रुपये मंजूर होते, असं नंतर सरकारने सांगितलं. पण दुर्घटना झाली त्या दिवशी नवा पूल तिथे नव्हता.

म्हणून 'निधी मंजूर' अशी बातमी आली की लक्षात ठेवा, मंजुरी ही फक्त सुरुवात आहे. पुढे तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश आणि मग काम. यातल्या कोणत्याही पायरीवर वर्ष निघून जाऊ शकतं.

पर्यटकांकडूनच पैसे घ्यावेत का?

काही गावं घेतातही. माथेरानमध्ये गिरिस्थान नगरपरिषद प्रवासी कर घेते. महाबळेश्वर-पाचगणीतही नाक्यावर पावती फाडावी लागते. इटलीतल्या व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांना ५ युरो लावले. २०२५ मध्ये आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी ते १० केले.

माथेरानला हे सोपं जातं, कारण पर्यटकांची वाहनं दस्तुरी नाक्यापुढे जातच नाहीत. लोणावळ्यातून मात्र जुना मुंबई-पुणे महामार्ग जातो, रेल्वे जाते. नाका लावला तर पर्यटक कोण आणि कामावर निघालेला कोण, हे ओळखणार कसं? लोकलने येणाऱ्या विद्यार्थ्याला आणि बंगला भाड्याने घेणाऱ्याला एकच पावती लावणंही न्यायाचं नाही.

त्यापेक्षा दोन मार्ग जास्त सरळ वाटतात. एक, हॉटेलांवरच्या जीएसटीतला राज्याच्या वाट्याचा ठरावीक हिस्सा त्याच गावाला परत देणं. दोन, अनुदान ठरवताना पर्यटकांची संख्याही मोजणं. दोन्ही निर्णय मुंबई-दिल्लीत व्हायचे आहेत, गावात नाही.

आपण काय करू शकतो?

नगरपरिषदांचे हिशेब ऑनलाइन टाकणं ही वित्त आयोगाच्या अनुदानाची अट आहे. ते उघडून बघा. माहिती अधिकारात विचारा. तीन प्रश्न पुरेसे आहेत: पर्यटकांकडून किती जमा झालं? ते कशावर खर्च झालं? देखभालीसाठी वेगळी तरतूद आहे का?

लोणावळ्यात आपलं मत नाही, पण तिथे भरलेला कर आपला आहे. पुढच्या वेळी तुमच्या आमदारांनी कुठल्या पॉइंटसाठी कोटींचा निधी आणल्याची पोस्ट टाकली, तर लाइक करण्याआधी खाली एक प्रश्न लिहा: बांधून झाल्यावर ते चालवणार कोण आणि कोणाच्या पैशातून?