एक तार, अनेक बँड

हॅम मंडळींच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "माझा अँटेना सगळ्या बँडवर वन टू वन आहे!" बाकीचे कौतुकाने माना डोलावतात. मला मात्र हे ऐकलं की थोडी शंका येते. ती का येते हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. (घरच्या वाचकांनो, घाबरू नका, गणित अगदी थोडं आहे.)

डायपोल म्हणजे मधोमध तोडलेली तार. तोडलेल्या जागी फीडर जोडायचा, दोन्ही टोकं बांधून ताणायची, झालं. हाइनरिख हर्ट्झने १८८० च्या दशकात कार्ल्सरूहला जे प्रयोग केले त्यातही हाच प्राणी होता. तारेची लांबी अर्ध्या तरंगाएवढी लागते. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटर मिळतात. ७.१ मेगाहर्ट्झला साधारण २० मीटर. एका बँडपुरता प्रश्न इथेच मिटतो.

पण हॅमला एक बँड कधी पुरला आहे? दिवसा एक चालतो, रात्री दुसरा. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर हौशी लोकांच्या वाट्याला जे बँड आले ते पाहा: ३.५, ७, १४, २८ मेगाहर्ट्झ. प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. यात तारवाल्यांची सोयही होती आणि गोचीही. ७ ची तार १४ ला पूर्ण तरंगाची होते, म्हणजे तीही लहरीत बसते खरी. पण तिच्या मध्यावर ७ ला साधारण ७० ओहम दिसत असतील तर १४ ला काही हजार ओहम दिसतात. तार तीच, फीडरला मात्र भलतंच काही भेटतं.

लॉरेन विंडम या अमेरिकन हॅमने १९२९ साली 'क्यूएसटी' मासिकात यावरचा एक तोडगा मांडला. (मूळ मोजमापं ओहायो स्टेट विद्यापीठातल्या मंडळींची होती, नाव मात्र विंडमचं चिकटलं.) फीडर मध्यावर न जोडता थोडा बाजूला जोडायचा, तोही एकाच तारेचा. दुपटीच्या बँडवर तिथे साधारण सारखाच रोध मिळतो. युक्ती सुंदर, फक्त फीडरही प्रक्षेपण करायचा, आणि रेडिओच्या खोलीत धातूला हात लागला की चटका!

दुसरा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. तार कशीही असो, खाली दोन समांतर तारांचा उघडा फीडर आणायचा आणि खोलीत कॉइल-कंडेन्सर ठेवून तिथे जुळवायचं. अशा फीडरमध्ये शक्ती फारच कमी वाया जाते, त्यामुळे त्यावर स्टँडिंग वेव्ह कितीही असल्या तरी बिघडत नाही. लुई वार्नी या ब्रिटिश हॅमने १९४६ साली यावरूनच आपला प्रसिद्ध 'जी-५-आर-व्ही' आखला आणि १९५८ मध्ये तो छापून आला. १०२ फूट, म्हणजे ३१ मीटर तार. ही लांबी १४ मेगाहर्ट्झला तीन अर्धतरंगांची होते. गंमत अशी की पुढे हाच अँटेना 'ट्यूनर न लागणारा' म्हणून खपवला गेला. वार्नी स्वतः ट्यूनर वापरा म्हणूनच सांगत राहिले!

१९५५ मध्ये बुकॅनन यांचा (डब्ल्यू-३-डीझेडझेड) ट्रॅप डायपोल आला. तारेच्या दोन्ही बाजूंना कॉइल आणि कंडेन्सरचा एकेक 'सापळा'. ७ ला तो बाहेरचा तुकडा तोडून टाकतो, ३.५ ला नुसत्या कॉइलसारखा वागतो, म्हणून एकूण तार नेहमीपेक्षा आखूड पुरते. हा जुळवताना आतला तुकडा आधी, बाहेरचा नंतर, कारण बाहेर कितीही कापलं तरी आतल्याला फारसा फरक पडत नाही. उलट मात्र पडतो.

मग वन टू वनचं वेड आलं कुठून? महायुद्धानंतर कोॲक्स सर्वत्र झाली. वापरायला सोपी, पण चढ्या एसडब्ल्यूआरला बरीच शक्ती खाणारी. पाठोपाठ एसडब्ल्यूआर मीटर घरोघरी आले. पुढे ट्रान्झिस्टरचे सेट आले, ते तर काटा थोडा चढला की पॉवर कमी करतात. लोक अँटेना सोडून काट्याकडेच पाहू लागले. वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९७३ पासून 'क्यूएसटी'त लेखमाला लिहून समजावलं की परत आलेली लहर म्हणजे वाया गेलेली शक्ती नव्हे. साधी गोष्ट घ्या. ५० ओहमच्या डमी लोडवर काटा अगदी वन टू वन दाखवतो, आणि बाहेर काहीच जात नाही! लांबलचक, जुनाट कोॲक्सही असंच करते. परतणारी लहर ती वाटेतच गिळते आणि खाली मीटर खूश.

अजून एक नमुना. ७ चा डायपोल २१ ला चालतो असं सगळे सांगतात, तीन अर्धतरंग ना! पण टोकांचा परिणाम फक्त दोन टोकांनाच होतो, मधल्या भागाला नाही. त्यामुळे ७.१ ला कापलेली तार २१ ऐवजी २२ मेगाहर्ट्झच्या आसपास जुळते. जुनी मंडळी म्हणूनच ती ७ च्या खालच्या टोकाला कापत, तरीही ती थोडी वरच राहते. १९७९ च्या जागतिक परिषदेत १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे बँड मिळाले आणि दुपटीचा हिशोबच मोडला.

आता खिशात मावणारा स्वस्त ॲनालायझर मिळतो, सगळ्या बँडचा आलेख एका पडद्यावर. तो जरूर घ्या. पण मोजायचं तर फीड पॉइंटपाशी मोजा, वीस मीटर केबलच्या खालच्या टोकाला नको. आणि तार कापण्याआधी टोक दुमडून पाहा. दुमडलेलं टोक उलगडता येतं.