चांद्याचा वेढा
(९ मे–२० मे १८१८). तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरच्या टप्प्यातील एक प्रसंग. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. परंपरेनुसार गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याने या नगरीचा पाया घातला. तटाचे काम पुढील राजांच्या काळात पूर्ण झाले. १७५१ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी नीलकंठशाहाकडून हे राज्य घेतले व चांदा भोसल्यांचे ठाणे बनले.

दगडी तटाचा घेर सुमारे ९ किमी., तर उंची सुमारे साडेचार ते सहा मीटर. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चार वेशी आणि पाच खिडक्या यांतून ये-जा होई. पश्चिमेस इरई व पूर्वेस झरपट या नद्या असून भोवतालचा प्रदेश अरण्यमय होता. तटाच्या आत वस्तीबरोबरच बागा व मोकळी जमीनही होती. त्यामुळे वस्तीच्या मानाने तट फार लांब झाला होता.

सीताबर्डीच्या लढाईनंतर (२६–२७ नोव्हेंबर १८१७) आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कह्यात गेले. मार्च १८१८ मध्ये रेसिडेंट जेंकिन्झने त्यांना अटक केली. दुसरा बाजीराव चांद्याच्या आश्रयास येऊ पाहत होता. परंतु इंग्रज फौजांनी त्याची वाट रोखली आणि १७ एप्रिल रोजी पांढरकवड्याजवळील शिवणी येथे लेफ्टनंट कर्नल अॅडम्सने त्याचा पराभव केला. त्यानंतर अॅडम्स ९ मे रोजी चांद्यापुढे आला. किल्लेदार गंगासिंग याने ठाणे सोपविण्यास नकार दिला. याच वेढ्याच्या काळात, १३ मे रोजी, आप्पासाहेब इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले. तथापि त्यांच्याकडून चांद्यास कोणतीही कुमक पोहोचू शकली नाही.

आक्रमकांनी पाहणी करून आग्नेय बाजू निवडली व तेथे तोफांचे मोर्चे उभारले. १९ मेपर्यंत तटास खिंडार पडले आणि २० मे रोजी सकाळी हल्ला होऊन शहर पडले. गंगासिंग लढता लढता मारला गेला. पुढे ३ जून रोजी बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली.

वेढ्यातील मूळ विषमता येथे स्पष्ट दिसते. रक्षणकर्त्यास सर्व तट राखावा लागतो, तर आक्रमकास एकच जागा फोडावयाची असते. ९ किमी. तटावर दर दोन मीटरांस एक शिपाई उभा करावयाचा, तरी एका पाळीस साडेचार हजार माणसे लागतात. एवढी शिबंदी गंगासिंगापाशी नव्हती. बाहेरून कुमक येण्याची आशा मावळली, की अशा तटाचा उपयोग केवळ काही दिवस मिळविण्यापुरता उरतो. एच्. जी. वेल्सच्या द वॉर ऑफ द वर्ल्ड्सपासून (१८९८) विज्ञानकथांत रंगविलेल्या ग्रहांवरील स्वाऱ्यांमागेही हाच प्रश्न आहे : स्थिर व सर्व बाजूंनी उघडे असलेले ठिकाण, जागा व वेळ स्वतः निवडणाऱ्या शत्रूपासून कसे राखावे?

याच जिल्ह्याने त्याचे दुसरे उत्तरही पाहिले. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर मोलमपल्लीचा जमीनदार बाबूराव शेडमाके याने मार्च १८५८ मध्ये उठाव केला. अडपल्ली-घोटचा व्यंकटराव त्यास मिळाला. त्यांचा आश्रय तट नव्हे, तर आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील अरण्य हा होता. तेथे घेरण्याजोगा एक बिंदू नसल्याने इंग्रजांस त्यांचा पाठलाग अनेक महिने करावा लागला. बाबूराव अखेर तोफांनी नव्हे, तर फितुरीने हाती लागला व २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्यास फाशी देण्यात आली. चांद्याचा तट बारा दिवसांत पडला होता. अरण्याचा तट मात्र आतूनच फोडावा लागला.