कव्वालीतला 'कौल'

निवडणुकीचा निकाल लागला की आपली वर्तमानपत्रं 'मतदारांचा कौल' असा मथळा देतात. कोकणात देवाला कौल लावतात, जुन्या दफ्तरांत कौलनामे सापडतात. हा कौल मूळचा अरबी. अर्थ : बोललेला शब्द, वचन. (छपरावरचं कौल वेगळं.) कव्वाली याच शब्दातून आली, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

कौल वारंवार म्हणणारा तो कव्वाल, आणि त्याचं काम ती कव्वाली. सूफींच्या मैफलीत कौल म्हणजे मुख्यतः पैगंबरांचं (स.) वचन. हजरत अलींविषयीच्या वचनावर बांधलेला कौल आजही दर्ग्यांत गायला जातो. परंपरा ती रचना अमीर खुस्रोंची मानते. अबुल फजलनेही 'आईन-ए-अकबरी'त दिल्लीच्या गाण्यांना 'कौल' आणि 'तराना' म्हटलंय आणि त्यांचं श्रेय खुस्रोंना दिलंय.

मला गंमत वाटते ती ही, की या नावात गाणं कुठेच नाही. कव्वाल ज्या मैफलीत बसायचा तिला चिश्ती सूफी 'समा' म्हणत. समा म्हणजे ऐकणं. एक नाव बोलण्यावरून, दुसरं ऐकण्यावरून! संगीत हराम की हलाल, या वादात हे विसरलं जातं. निजामुद्दीन औलियांनी (मृत्यू १३२५) समासाठी घातलेल्या अटी 'सियरुल औलिया'त आहेत. गाणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणारा अल्लाहच्या स्मरणात असावा, शब्द अश्लील किंवा थिल्लर नसावेत, वाद्यं नसावीत. एवढं असूनही गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांनी त्यांना समाबद्दल जाब विचारलाच.

आता प्रामाणिकपणे बोलायचं तर हार्मोनियम-ढोलकवाली आजची कव्वाली चौथ्या अटीत बसत नाही. सिनेमातली सवाल-जवाबाची कव्वाली तर तिसरीतही अडखळते. पण म्हणून अख्ख्या कव्वालीला परकी करमणूक म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. ज्या कलेचं नावच वचनावरून पडलं, तिच्यात काय म्हटलं जातंय हे आधी ऐकायला नको का?

आणि ही गोष्ट केवळ दिल्लीची नाही. औलियांचे मुरीद बुर्‍हानुद्दीन गरीब दौलताबादला आले. त्यांना समाची इतकी ओढ, की त्यांच्या साथीदारांच्या भावावस्थेतल्या नाचण्याची तऱ्हाच निराळी होती. लोक त्यांना 'बुर्‍हानी' म्हणत. त्यांची कबर खुलदाबादला आहे. औलियांची वचनं लिहून ठेवणारे कवी अमीर हसन सिज्जीही तिथंच विसावले आहेत.